शीतगृहातला फायर अलार्म: आतल्या माणसाला ऐकू जाईल असा कसा बसवायचा

कोल्ड स्टोरेजमध्ये फायर अलार्मच नाही, असं आता क्वचित दिसतं. नेहमी दिसतं ते असं: अलार्म पॅनेल ऑफिसात, हूटर चेंबरच्या दाराबाहेर, चाचणी झाली ती पंखे बंद असताना, आणि प्रमाणपत्र फाइलला लागलेलं. उणे वीस अंशांच्या चेंबरमध्ये, जाकिटाची टोपी कानावर ओढून, शेवटच्या रॅकमागे पेट्या मोजणाऱ्या हमालाला तो हूटर ऐकू येतो का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

खालचे टप्पे त्या हमालापासून सुरू होतात आणि पॅनेलपर्यंत मागे येतात. कंत्राटदार बहुधा याच्या उलट जातो, म्हणून क्रम बदलू नका. नाशिक-पिंपळगावकडची द्राक्षांची प्री-कूलिंग युनिट, सांगली-तासगावची बेदाण्याची शीतगृहं, तळोजा-तुर्भ्याकडचे मासळी आणि आइस्क्रीमचे फ्रीझर अशा तिन्ही प्रकारच्या जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तुमच्या इमारतीला नेमकं काय बंधनकारक आहे ते स्थानिक अग्निशमन अधिकारी ठरवतात. इथे आहे ते काम नीट करून घेण्याबद्दल.

## टप्पा १: खोल्यांची यादी करा, तीही प्लँट चालू असताना

कागद, डेसिबल मीटर आणि थर्मामीटर घेऊन फिरा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतं चालेल, पण निर्णय घ्यायला साधा का होईना, खरा मीटर आणा. प्रत्येक खोलीसाठी एवढं लिहा:

- खऱ्या अर्थाने सर्वात कमी तापमान किती. डिस्प्लेवरचं नको, थंड हवा सोडणाऱ्या युनिटच्या (इव्हॅपोरेटरच्या) झोतातलं हवं. ब्लास्ट फ्रीझर उणे ३५ ते उणे ४० पर्यंत जातो, साठवणीचा फ्रीझर उणे १८ ते उणे २५, द्राक्षाची खोली शून्याच्या आसपास.
- सगळे पंखे चालू असताना आवाज किती, आणि डिफ्रॉस्ट (युनिटवरचा बर्फ वितळवणं) चालू असताना किती. इव्हॅपोरेटरच्या पंख्यांखाली ७५-८० डेसिबल भरले तर नवल नाही.
- आत कोण जातं, एकटं जातं का, सलग किती वेळ राहतं, अंगावर काय असतं.
- बाहेर यायच्या वाटा किती, आणि रॅक भरलेले असताना त्यातल्या किती उरतात.

यादीत तीन जागा हमखास सुटतात. पहिली, चेंबरच्या छताचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशनचा गाभा भरलेली फळी) आणि वरचा पत्रा यांमधली पोकळी. बहुतेक वायरिंग तिथूनच जातं, दुरुस्तीला माणूस तिथेच चढतो, आणि तिथली आग खालच्या चेंबरमधल्या कुठल्याच डिटेक्टरला लवकर कळत नाही. दुसरी, फोर्कलिफ्ट चार्ज करायचा कोपरा. तिसरी, मशीन रूम. तिथे कॉम्प्रेसरच्या आवाजात नुसता हूटर ऐकू येण्याची आशाच सोडा.

सीए चेंबर, म्हणजे ऑक्सिजन कमी करून सीलबंद केलेली खोली असेल, तर ती वेगळ्या रकान्यात लिहा. सील असताना तिथे माणूस नसतोच, कारण दोन-तीन टक्के ऑक्सिजनमध्ये माणूस जगत नाही. तिथली सूचना बाहेरच्यांसाठी असते. पण सील काढून माल उतरवायला सुरुवात झाली की तीच खोली इतर चेंबरसारखी होते. हा बदल पॅनेलच्या प्रोग्रॅममध्ये आणि रजिस्टरमध्ये दोन्हीकडे दिसला पाहिजे.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक ओळीत तापमान आणि आवाज, दोन्ही आकडे भरलेत का? एक जरी रिकामा असेल तरी कोटेशन मागवू नका. आकडा नसला की कंत्राटदार कॅटलॉगमधला सर्वात स्वस्त हूटर लावतो, आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही.

## टप्पा २: माल मागवण्याआधी अधिकाऱ्याकडे जा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. शीतगृह भाड्याने दिलं असेल तर यातलं कोणतं काम कोणाकडे, हे करारात लिहून घ्या. काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं. बसवल्यावर नमुना अ आणि पुढे दर जानेवारी-जुलैत देखभालीचं नमुना ब प्रमाणपत्र लागतं. एमआयडीसीच्या हद्दीत असाल तर एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे, नाहीतर पालिकेच्या किंवा त्या भागाच्या अधिकाऱ्याकडे जा.

नकाशावर रॅक काढलेले असू द्या. रिकाम्या आयताचा नकाशा दाखवला तर मंजुरीही रिकाम्या आयताचीच मिळते. पफ पॅनेलचा गाभा कसला आहे तेही लिहा: थर्माकोल, पॉलियुरेथेन, पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट फोम) की रॉकवूल. थर्माकोल आणि पॉलियुरेथेनच्या भिंतीत आग पत्र्याआड पसरते आणि बाहेर दिसेपर्यंत पळायला फारसा वेळ उरलेला नसतो. दक्षिण कोरियात इचॉन इथल्या शीतगृहाच्या आगीत जानेवारी २००८ मध्ये ४० कामगार गेले. तिथे इन्सुलेशनचा फोम होता. असा गाभा असेल तर अलार्म लवकर वाजणं आणि प्रत्येकाला कळणं, या दोन्ही बाबतींत तडजोड करता येत नाही.

## टप्पा ३: डिटेक्टर ठरवा, कारण हूटरचं आयुष्य त्यावर आहे

लेख डिटेक्टरचा नाही, म्हणून थोडक्यात. छतावर साधा धुराचा डिटेक्टर लावला की डिफ्रॉस्टची वाफ त्याला धूर वाटते. रात्री दोनदा हूटर वाजतो, तिसऱ्या रात्री वॉचमन तो बंद करतो. बंद पडलेल्या हूटरांमागे फार वेळा हेच कारण असतं.

फ्रीझरसाठी हवा ओढून घेणारी यंत्रणा चांगली: छताखाली छिद्रं पाडलेला पाइप, आणि डिटेक्टरचा डबा बाहेर उबेत. तिच्याही चार अटी आहेत. पाइप एबीएस प्लास्टिकचा घ्या, साधा पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो. पाइपला उतार आणि पाणी साचायला ट्रॅप द्या. डिटेक्टरमधून निघणारी हवा त्याच चेंबरमध्ये परत सोडा, नाहीतर आत-बाहेरच्या दाबातल्या फरकाने प्रवाहाचा फॉल्ट सतत येत राहील. आणि आकुंचनाला जागा ठेवा. २० मीटरचा एबीएस पाइप ५० अंशांनी थंड झाला की सुमारे ९ सेंटिमीटर आखडतो. जागा ठेवली नाही तर जोड सुटतो, आणि सुटलेला जोड छतावर असल्याने कुणाला दिसत नाही.

शून्याच्या वरच्या खोल्यांत, जिथे डिफ्रॉस्टची वाफ कमी, तिथे धूर आणि उष्णता दोन्ही पाहणारा मल्टि-सेन्सर चालून जातो. छतावरच्या पोकळीत उष्णता ओळखणारी केबल अंथरणं सोपं पडतं.

## टप्पा ४: आवाजाचं गणित

भारतीय मानक आयएस २१८९ प्रमाणे अलार्मचा आवाज किमान ६५ डेसिबल हवा, किंवा तिथे अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकणाऱ्या आवाजापेक्षा ५ डेसिबल वर, यांपैकी जे जास्त ते. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ मध्ये सर्वसाधारण जागेसाठी सरासरी आवाजाच्या १५ डेसिबल वर, किंवा मिनिटभर टिकणाऱ्या कमाल आवाजाच्या ५ वर, असा नियम आहे. निर्यातीचा माल ठेवणाऱ्यांकडे किंवा विदेशी विमा असणाऱ्यांकडे हा अमेरिकी आकडा मागितला जातो. कुठल्याही हिशेबात कुणाच्याही कानाशी ११० डेसिबलच्या वर जाऊ नका.

आता उदाहरण. चेंबरमध्ये पंख्यांचा आवाज ७५. म्हणजे आत सगळीकडे किमान ८० पाहिजे. १ मीटरवर १०० डेसिबल देणारा हूटर घेतला. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात: २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२, १६ वर ७६. म्हणजे मोकळ्या जागेतही तो दहाएक मीटरपर्यंतच पुरतो. खोक्यांनी भरलेले रॅक त्यातलेही काही गिळतात.

हाच हूटर दाराबाहेर, दारापासून ४ मीटरवर लावला तर? दारापाशी ८८. पफ पॅनेल साधारण २५ डेसिबल अडवतं. आत पोचले ६३, पंख्यांच्या ७५ च्या खाली. आतल्या माणसाच्या दृष्टीने हूटर वाजलाच नाही. कागदावर मात्र ‘प्रत्येक चेंबरला एक हूटर’ हे खरं ठरतं.

त्यावर जाकिटाची टोपी आणि कानपट्टी. म्हणून मानकातले ५ डेसिबल ही खालची मर्यादा धरा आणि फ्रीझरमध्ये १० ते १५ वर मिळतील असं बसवा. त्यासाठी एक कर्कश हूटर लावू नका. मध्यम आवाजाचे दोन-तीन, रॅकच्या गल्ल्यांच्या टोकांना लावा. एकच मोठा लावला तर त्याच्याखाली उभ्या असलेल्याचे कान बधिर होतात आणि टोकाचा माणूस बहिराच राहतो.

बोलती सूचना हवी का, असं विचारलं जातं. पॅकहाउस आणि लोडिंग डॉकवर जरूर हवी, मराठी आणि हिंदीत, आणि तुमचे लोडर बंगाली किंवा ओडिया बोलणारे असतील तर त्याही भाषेत. फ्रीझरच्या आत मात्र पत्र्याच्या भिंतींवर आवाज घुमून शब्द कळेनासे होतात. तिथे ठरलेला एकच टोन बरा.

इशारा: आवाज मोजताना दारं बंद, पंखे चालू, रॅक भरलेले. यातलं एकही नसेल तर तो आकडा रजिस्टरमध्ये लिहू नका.

## टप्पा ५: उपकरण निवडताना थंडी, पाणी आणि गंज वेगवेगळे बघा

थंडी. युरोपच्या ईएन ५४-३ मानकात हूटरचे दोन प्रकार आहेत: आत वापरायचा प्रकार अ उणे १० पर्यंत, बाहेरचा प्रकार ब उणे २५ पर्यंत. म्हणजे साध्या फ्रीझरला प्रकार ब लागतो, आणि ब्लास्ट फ्रीझरला तोही पुरत नाही. उत्पादकाकडून तेवढ्या तापमानाचं लेखी पत्रक घ्या. ‘चालतो साहेब, सगळीकडे हाच लावतो’ हे पत्रक नव्हे. ब्लास्ट फ्रीझरसाठी उपकरणच मिळत नसेल तर अधिकाऱ्यांशी बोलून दुसरी वाट काढा: चक्र चालू असताना आत माणूस नाही याची कुलूप-किल्लीची सोय, आणि दाराच्या तोंडाशी जोरदार सूचना.

अलार्म पॅनेल आणि त्याच्या बॅटऱ्या थंडीत कधीही नको. उणे २० ला लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. पॅनेल चोवीस तास माणूस असलेल्या जागी, म्हणजे बहुधा गेटवरच्या केबिनमध्ये, आणि त्याचा रिपीटर (पॅनेलवरची माहिती दाखवणारा दुसरा डिस्प्ले) डॉकवर.

पाणी. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. फ्रीझरच्या आतली हवा कोरडी असते. ओल येते ती दारापाशी, जिथे बाहेरची दमट हवा आत शिरते. दाराच्या चौकटीवर लावलेला हूटर आठवडाभरात बर्फाने झाकतो. म्हणून उपकरण दारापासून बाजूला आणि युनिटच्या झोताबाहेर लावा. धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा आयपी ६५ किंवा वरचा, आणि केबल नेहमी खालून आत.

गंज. अमोनियाच्या प्लँटमध्ये पितळी ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथला घट्ट जोड) वापरू नका. ओलसर अमोनियाने पितळेला तडे जातात. पॉलिअमाइड किंवा स्टेनलेसचे घ्या, आणि तांब्याची टोकं उघडी ठेवू नका. द्राक्षांच्या खोलीत पेट्यांमधल्या सल्फर पॅडचा वायू हेच काम हळूहळू करतो. तिथे जंक्शन बॉक्स उघडून बघायचा तो हंगाम संपल्यावर लगेच, पुढच्या हंगामाच्या तोंडावर नव्हे.

हाताने वाजवायचे पॉइंट. १.४ मीटर उंचीवर, आणि कुठूनही २२.५ मीटरच्या आत पोचता येतील असे. हे अंतर रॅकच्या गल्लीतून चालत मोजा, नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. काचेऐवजी दाबून परत बसवता येणारे घ्या. जाड हातमोज्यात अंगठा बसतो का ते हातमोजे घालूनच बघा. पॅलेटची धडक बसणार नाही अशी लोखंडी कड बाजूला लावा.

## टप्पा ६: दिवा हवाच, आणि तो दिसला पाहिजे

मशीन रूममध्ये, कान झाकलेल्या माणसांसाठी आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी लुकलुकणारा दिवा लागतो. एनएफपीए ७२ मध्ये सरासरी आवाज १०५ डेसिबलच्या वर असेल तर तो सक्तीचा आहे. फ्रीझरमध्ये मी तो सगळीकडेच लावायला सांगेन. सेकंदाला एक ते दोन वेळा लुकलुकणारा, आणि एका जागेवरून दोन दिवे दिसत असतील तर दोघांची लय एक असलेला.

जागा ठरवताना रॅकच्या प्रत्येक गल्लीत उभं राहून पाहा. मधल्या भिंतीवरचा दिवा फक्त त्याच्यासमोरच्या गल्लीला दिसतो. गल्लीच्या टोकाला, मालाच्या सर्वात वरच्या पेटीहून उंच लावा. फोर्कलिफ्टवर आधीच पिवळा किंवा निळा दिवा फिरत असतो, म्हणून त्या रंगाचा दिवा आगीसाठी घेऊ नका.

## टप्पा ७: वायर आत नेणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतात आणि वर्षभराने दिसतात, तोवर कंत्राटदाराचं बिल चुकतं झालेलं असतं.

वायर ज्या कॉन्ड्युटमधून आत जाते त्यातूनच बाहेरची दमट हवाही आत जाते. आत गेली की पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, आणि तो हूटरच्या डब्यात साठत जातो. आधी अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळणं) येतो, मग शॉर्ट. पॅनेलवर दिवा लागला की ऑपरेटर रिसेट करतो, दुपारी डिफ्रॉस्टमध्ये वितळलं की परत लागतो.

क्रम असा ठेवा:

१. चेंबर थंड करायच्या आधी केबल ओढून घ्या. गारठलेली पीव्हीसी केबल वाकवली की तिच्या आवरणाला चिरा पडतात. थंडीत लवचीक राहणारं आवरण आहे ना, ते पत्रकात बघा.

२. पफ पॅनेलला भोक एकच, लागेल तेवढंच. प्रत्येक उपकरणाला वेगळं भोक पाडू नका. एका जागेतून आत शिरा आणि आतून फांद्या काढा.

३. भोकात प्लास्टिकची नळी बसवा. लोखंडी नळीवरून थंडी बाहेर येते आणि बाहेरच्या तोंडाशी घाम सुटतो.

४. नळीची बाहेरची पोकळी आणि आतली पोकळी, दोन्ही भरा. बाहेरून सिलिकॉन मारलं आणि कॉन्ड्युटच्या आतून हवा तशीच, ही सर्वात जास्त दिसणारी चूक. सील उबेच्या बाजूला पक्कं हवं, कारण ओल तिकडून येते.

५. ती भिंत आग अडवणारी म्हणून मंजूर असेल तर नुसता फोम चालत नाही. फायर-स्टॉपचा माल भरा आणि त्यावर बाष्प अडवणारा थर द्या.

६. उपकरण पफ पॅनेलवर आरपार लोखंडी बोल्टने कसू नका. नायलॉनचा बोल्ट वापरा, किंवा छताच्या आधाराच्या चॅनेलवर पट्टी बसवून त्यावर लावा.

७. प्रत्येक चेंबरच्या तोंडाशी, उबेच्या बाजूला, लूपमध्ये (सगळी उपकरणं जोडणाऱ्या वायरीच्या वेढ्यात) शॉर्ट-सर्किट आयसोलेटर, म्हणजे शॉर्ट झालेला भाग आपोआप तोडणारं उपकरण, द्या. एका फ्रीझरमधल्या बर्फाने बाकीचे चेंबर मुके होऊ नयेत.

तपासणी: सील झाल्यावर चेंबर पूर्ण थंड करा, दोन-तीन दिवस थांबा, आणि प्रत्येक प्रवेशाजवळ बाहेरून हात फिरवा. ओल किंवा पांढरी कड लागली तर सील परत करा. त्याआधी एजन्सीला अंतिम सही देऊ नका.

## टप्पा ८: तीन घंटा, तीन वेगळे अर्थ

शीतगृहात तीन प्रकारची धोक्याची सूचना लागते: आग, अमोनिया, आणि आत माणूस अडकला. खर्च वाचवायला तिन्ही एकाच हूटरवर जोडलेल्या दिसतात. यासारखी घातक काटकसर नाही, कारण तिन्हींत माणसाने करायचं ते वेगळं आहे.

आगीत जवळच्या दाराने बाहेर पडून जमायच्या जागी जायचं. अमोनियात वारा कुठून वाहतो ते बघून त्याला आडवं निघायचं, आणि नेहमीची जमायची जागा वाऱ्याखाली आली तर तिकडे जायचंच नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे खरं, पण पाइप फुटून सुटलेला थंड अमोनिया हवेतल्या ओलाव्यासह जड ढग होऊन जमिनीलगत पसरतो. म्हणून जमायच्या जागा दोन ठेवा, विरुद्ध दिशांना, आणि छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा गेटवरून दिसेल असा लावा. अडकलेल्या माणसाच्या घंटेला तर कुणी पळायचंच नाही, कुणीतरी दार उघडायला धावायचं.

अमोनियाचे आकडे ऑपरेटरच्या टेबलासमोर लावा: आठ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग), थोड्या वेळासाठी ३५, आणि ३०० ला जीव धोक्यात. हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला की तो पेटतोही, म्हणून मशीन रूममध्ये अमोनिया आणि आग हे अगदी वेगळे विषय नव्हेत. फ्रीऑनच्या छोट्या खोल्यांत वास येत नाही. तिथला वायू जमिनीलगत साठून माणूस गुदमरतो, त्यामुळे सेन्सर खाली लागतो. अमोनियाचा वर.

अडकल्याच्या घंटेचं बटण दाराजवळ आणि जमिनीलगतही हवं, कारण पडलेल्या माणसाचा हात छातीच्या उंचीवर पोचत नाही. युरोपच्या ईएन ३७८ मध्ये जमिनीलगतचं उजेड असलेलं बटण किंवा लोंबती साखळी सांगितली आहे, आणि सूचना जिथे माणूस नक्की असतो तिथेच गेली पाहिजे, असंही. ही घंटा फायर पॅनेलच्या बॅटरीवर टाकू नका, स्वतंत्र बॅकअप द्या.

टोन आणि रंग ठरवून दाराच्या आत-बाहेर चित्रांसह पाटी लावा. आगीला लाल दिवा आणि सलग चढउतार, अमोनियाला दुसरा रंग आणि तुटक टोन, अडकल्याला साधी घंटा. नेमकं काय निवडलं याला महत्त्व कमी, संपूर्ण आवारात तेच असण्याला जास्त.

## टप्पा ९: अलार्म वाजल्यावर काय काय व्हायचं, ते कागदावर

एक तक्ता करा: डावीकडे कोणता डिटेक्टर किंवा पॉइंट, उजवीकडे काय व्हायचं. त्यात एवढं तरी असू द्या:

- त्या चेंबरच्या इव्हॅपोरेटरचे पंखे बंद. धूर पसरायचा थांबतो, आणि हूटर एकदम स्पष्ट ऐकू येतो. कॉम्प्रेसर आणि अमोनियाच्या व्हॉल्व्हचं काय करायचं ते प्लँट इंजिनिअरने ठरवायचं, अलार्मवाल्याने नव्हे.
- दारावरचा एअर कर्टन बंद.
- मोटरचं सरकतं दार हाताने उघडेल अशा स्थितीत. वीज गेलेली, बाहेरून कुलूप घातलेलं, तरी आतला खटका दार उघडतो का ते करून बघा. गोठलेला खटका ही नेहमीची गोष्ट आहे. चौकटीचा हीटर जळाला की ती होते, आणि तो हीटर स्वतःच आग लागायचं एक कारण असतो.
- सर्व चेंबरमध्ये एकाच वेळी सूचना. ‘आधी खात्री करू, मग वाजवू’ हा उशीर फोम गाभ्याच्या इमारतीत ठेवायचा असेल तर अधिकाऱ्यांच्या लेखी संमतीने, आणि हाताने दाबलेल्या पॉइंटला तर तो कधीच नाही.
- गेटवर १०१ ला फोन कोण करणार त्याचं नाव, पाळीनुसार.

इशारा: वेल्डिंगसाठी अलार्मचा एखादा झोन (भाग) बंद करायची वेळ येतेच. बंद केल्याची वेळ, कोणी केला आणि परत कधी चालू होणार, हे पॅनेलवर लटकवलेल्या लाल पाटीवर लिहा. झोन चालू केल्याशिवाय वेल्डरचं गेटपास परत घेऊ नका.

## टप्पा १०: चाचणी दोनदा

पहिली चाचणी चेंबर गरम असताना: प्रत्येक उपकरण, प्रत्येक वायर, तक्त्यातली प्रत्येक ओळ. मुख्य वीज काढून बॅटरीवरही वाजवा आणि सर्वात लांबच्या हूटरवर व्होल्टेज मोजा. पत्रकातल्या किमान आकड्याच्या खाली असेल तर केबल जाड करावी लागेल.

खरी चाचणी दुसरी. चेंबर पूर्ण थंड, माल भरलेला, पंखे चालू, दारं बंद. नेहमीचं जाकीट घातलेला माणूस प्रत्येक गल्लीच्या टोकाला उभा करा, पाठ दिव्याकडे. एक माणूस मीटर घेऊन. जोडीने आत जा, रेडिओ हातात ठेवा. अलार्म वाजवा आणि त्याला विचारा: ऐकू आला का, कसला होता, कुठल्या दाराने निघणार? तिसरं उत्तर चुकलं तर यंत्रणा बरोबर असूनही चाचणी नापास. डिफ्रॉस्ट चालू असताना हेच परत करा.

द्राक्षवाल्यांसाठी एक खास गोष्ट. तुमचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. जुलैचं नमुना ब प्रमाणपत्र निघतं तेव्हा खोल्या रिकाम्या, उबदार आणि शांत असतात, त्यामुळे त्या वेळी ऐकू आलेल्या हूटरला काही अर्थ नाही. थंड चाचणी जानेवारीत, पहिला माल भरल्यावर, वेगळी करून घ्या. बेदाण्याच्या शीतगृहात जुलैला माल असतो, तिथे ही अडचण नाही.

## टप्पा ११: चालू ठेवणं

- दर आठवड्याला: एक हाताचा पॉइंट दाबा, दर वेळी वेगळा, आणि अडकल्याची घंटा आतून वाजवा. बर्फ बसला असेल तर फोडू नका, कुठून येतोय ते शोधा.
- दर महिन्याला: हूटर आणि दिव्यांवरचं दव-बर्फ, रॅकवर वाढलेल्या मालामुळे झाकलेले दिवे, आतला खटका.
- दर तीन महिन्यांनी: कवायत, रात्रपाळीतही. ठेकेदाराचे नवे लोडर हंगामाच्या मध्येच येतात, म्हणून पहिल्या दिवशी आत पाठवण्याआधी तिन्ही आवाज ऐकवून दार उघडायला लावा.
- रॅक हलवले, युनिट बदललं, पंखे वाढवले की: टप्पा १ चे आकडे परत घ्या. जास्त ताकदीचा नवा पंखा बसवला की जुना हूटर कमी पडतो, आणि ही गोष्ट रेफ्रिजरेशनवाला अलार्मवाल्याला सांगत नाही.

खोट्या अलार्मचं वेगळं पान ठेवा: तारीख, वेळ, कोणता डिटेक्टर, त्या वेळी डिफ्रॉस्ट चालू होतं का. एकाच डिटेक्टरसमोर तीच वेळ दोन-तीनदा आली तर हूटर बंद करायचा नाही, डिटेक्टरची जागा किंवा प्रकार बदलायचा. तो बदल होईपर्यंत त्या चेंबरमध्ये कुणीही एकटं जाणार नाही, असं पान भरतानाच खाली लिहा आणि पाळीच्या सुपरवायझरची सही घ्या.